मागच्या रांगेतली पोरं बेताल नसतात

१७ सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडं परभणीत शाळाशाळांतून समूहगीताची तयारी सुरू होते, मुक्तिसंग्राम दिन म्हणल्यावर झेंड्यासमोर गाणं पाहिजेच. मी तबला थोडाफार वाजवतो म्हणून एका शाळेनं मला धरून नेलं होतं. साठ पोरं, वर्गात झकास गायली, अन् मैदानावर उभी केली की पार चिवडा. सर मागच्या रांगेवर ओरडले, "कान कुठं ठेवलेत रे?" आता गंमत बघा, गडबड ती पोरं कान देऊन ऐकत होती म्हणूनच होत होती!

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो (उन्हाळ्यात ४० अंशाला ३५५, पण ते सोडा), म्हणजे एका मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. वर्गात हे कळतसुद्धा नाही. मैदानावर तबला पुढं अन् शेवटचं पोरगं १७ मीटर मागं असलं तर ठोका त्याच्यापर्यंत ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो, तो ऐकून ते गातं, मग त्याचा आवाज पुढं यायला आणखी ५०, झाला ना सेकंदाचा दहावा हिस्सा. मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे ठोक्यांची, लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, त्यातला पाचवा भाग असा हवेतच गेला. पुढचं पोरगं बी बरोबर, मागचं बी बरोबर, अन् गाणं मात्र चुकलेलं. वरून पुढची पोरं मागच्यांसाठी नकळत थांबतात, मग मागची आणखी थांबतात, अन् लय ढिली पडत जाते. दोन माणसं वेगळ्या खोल्यांत बसवून, हेडफोनवर एकमेकाच्या टाळ्या मुद्दाम उशिरा ऐकवून हे तपासलेलं आहे, उशीर वाढला की लय ढिली पडते, अन् उशीर जवळजवळ नसलाच तर उलट माणसं पळायला लागतात.

उपाय काय, तर मैदानावर ताल डोळ्यानं घ्यायचा. उजेडाला १७ मीटर म्हणजे काहीच नाही, म्हणून सरांचा हात सगळ्यांना दिसला पाहिजे अन् पोरांनी तबल्याकडं कमी, हाताकडं जास्त लक्ष द्यायचं. परतीचे ५० मिलिसेकंद राहतातच, ते रांगा लांबवण्याऐवजी अर्धगोलात एकमेकींच्या जवळ उभ्या केल्या की कमी होतात. अन् मोबाईलमधला ताल ब्लूटूथ स्पीकरवर लावणार असाल तर स्क्रीनवरच्या लुकलुकत्या ठिपक्याकडं बघून हात हलवू नका, स्पीकरमधून आवाज बऱ्याचदा शेदीडशे मिलिसेकंद मागून निघतो. आम्ही एक अख्खी दुपार यात घालवली.

मैदान सोडा, वर्गात बी एक घोळ होताच. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, शब्द होता 'स्वातंत्र्य'. आपल्याला अक्षराचा ठोका जाणवतो तो साधारण स्वर सुरू होतो तिथं, व्यंजनापाशी नाही. 'आई'ला काही प्रश्न नाही, पण 'स्वा'मधला स् अन् व् संपून आ यायला वेळ लागतो, मग समेवर जर स् सुरू केला तर आ उशिरा येणार अन् ऐकणाऱ्याला वाटणार पोरं मागं पडली. म्हणून स् समेच्या जरा आधी सोडायचा अन् आ समेवर ठेवायचा. मोठ्यांना हे सवयीनं जमतं, पोरांना सांगावं लागतं, अन् नुसतं सांगून भागत नाही, वहीत लिहून द्यावं लागतं.

वहीचं असं, की नुसते शब्द लिहून झेरॉक्स वाटली की प्रत्येक पोरगं आपापल्या मनानं ओढणार. गाणं कागदावर लिहायच्या भातखंडे पद्धतीत हे सगळं आधीच आहे, समेला ×, खालीला (जिथं टाळी न देता हात मोकळा सोडतात ती मात्रा) ०, अक्षर लांबवायचं तिथं ऽ. केरवा तालाच्या ८ मात्रांचे ८ खण आखायचे, एका खणात एक अक्षर नाहीतर ऽ. श्वासाला खणावर लाल टिंब, पण लांब ओळीत सगळ्यांचं टिंब एकाच जागी नको, नाहीतर तिथं गाण्याला भोक पडतं. अन् शेवटचं अक्षर! 'मराठवाड्यात' बोलताना आपण त् पाय मोडून म्हणतो, गाताना निम्मी पोरं 'त्' म्हणणार अन् निम्मी 'तऽ'. आम्ही सहाव्या खणात त लिहिला अन् ७-८ ला ऽ टाकले, भांडण मिटलं.

लय पक्की करायला एकच खेळ घेतला, दोन आवर्तनं (तालाचे पुरे फेरे) तबला, दोन आवर्तनं गप्प, पोरांनी गात राहायचं अन् मी परत समेवर यायचं. डोकं ठोका ऐकून मग हलत नाही, पुढचा कधी येणार याचा अंदाज आधीच बांधतं. माणसाला ठोक्याबरोबर बोट आपटायला लावलं तर ते बहुतेकदा थोडं आधीच पडतं. हा अंदाजच गप्प आवर्तनात कामाला लागतो. पहिल्या दिवशी पोरं माझ्या पुढं पाऊण मात्रा पळाली, पाय हलवायला लावले तेव्हा जरा ताळ्यावर आली. चौथ्या दिवशी मी समेवर आलो तर पोरं तिथंच होती, अन् सर म्हणले, "आता मागची रांग पुढं घ्या."