गिटार ॲम्प मॉडेलर : प्रगत यंत्राकडे जाताना (बेळगाव सीमाभाग)

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प, त्याचा स्पीकर, स्पीकरसमोरचा माईक आणि मधले सगळे इफेक्ट यांचे वागणे आकडेमोडीने उभे करणारे यंत्र म्हणजे ॲम्प मॉडेलर. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे वादक त्याला सरसकट ‘प्रोसेसर’ म्हणतात, मग तो दहा हजारांचा असो की लाखाच्या पुढचा. हातातला साधा प्रोसेसर देऊन वरचा घ्यावा का, हा प्रश्न ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये वाजवणाऱ्याला कधी ना कधी पडतोच. पुष्कळदा त्याचे उत्तर प्रोसेसरपेक्षा पुढच्या मिक्सर-स्पीकरमध्ये सापडते.

रोलंडचे व्हीजी-८ (१९९५) आणि लाईन ६ चा लाल रंगाचा पॉड (१९९८) ही या तंत्राची सुरुवातीची नावाजलेली यंत्रे. पुढे २००६ मध्ये फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स आला, २०१५ मध्ये लाईन ६ चाच हीलिक्स. जर्मनीच्या केम्परने वेगळी वाट धरली: खऱ्या ॲम्पमधून चाचणीचे आवाज पाठवायचे आणि बाहेर काय येते त्यावरून त्या ॲम्पची प्रतिकृती बनवायची. फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स आणि मोफत मिळणारे न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर हेच काम मशीन लर्निंगने करतात. अशी प्रतिकृती सहसा बटणांच्या एकाच स्थितीची असते. तिचा गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारे बटण) फिरवला की पुढचा आवाज अंदाजाचा.

सीमाभागात ही यंत्रे रुजण्याचे कारण साधे आहे. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प मोठ्याने वाजवल्याशिवाय खुलत नाही, आणि शहापूर-वडगावच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत तो खुलवायचा म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेणे. प्रोसेसरवर हेडफोन लावून रात्री बारालाही रियाज होतो. शिवाय इथल्या ऑर्केस्ट्राला एकाच रात्री मराठी कोळीगीत, कन्नड सिनेगीत, हिंदी आणि फर्माईश आली तर कोकणीही वाजवावे लागते. एका ॲम्पच्या एका आवाजावर हे भागत नाही.

वरच्या यंत्रात पैसे मुख्यतः गणनशक्तीचे असतात. साध्या यंत्रात एक ॲम्प, एक डिले (आवाजाची उशिराने होणारी पुनरावृत्ती) आणि रिव्हर्ब (दालनातला घुमारा) लावला की जागा संपते. हीलिक्सच्या मोठ्या रूपात दोन डीएसपी चिप (आवाजाची आकडेमोड करणाऱ्या) आहेत, धाकट्या एचएक्स स्टॉम्पमध्ये एक. दुसरा फरक कानाला कळतो, पण नाव पटकन सुचत नाही. डिस्टॉर्शनमुळे (आवाज फाडण्यामुळे) मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर तयार होतात. त्यांतले जे यंत्राच्या नमुना-दराच्या (यंत्र सेकंदाला किती वेळा आवाज मोजते त्याच्या) निम्म्याहून वर जातात, ते उलटून खाली येतात आणि भलतेच सूर ऐकू येतात. पहिल्या तारेवर पंधराव्या पडद्यापलीकडे सावकाश बेंड करून पाहावे: सूर वर चढत असताना मागे एखादी बारीक शीळ खाली उतरताना ऐकू आली, तर ती हीच. ती दाबायला आतली आकडेमोड कित्येक पट वेगाने करावी लागते, आणि स्वस्त चिपला ते पेलत नाही.

स्टेजवर सर्वांत जास्त उपयोग होतो तो आवाज बदलण्याच्या सोयीचा. जुन्या यंत्रात मुखड्याच्या स्वच्छ आवाजावरून अंतऱ्याच्या डिस्टॉर्शनवर जाताना पॅच (साठवून ठेवलेली आवाजाची जुळणी) बदलतो, क्षणभर आवाज तुटतो आणि डिलेची शेपटी कापली जाते. प्रगत यंत्रात एकाच पॅचमध्ये अनेक स्थिती साठवता येतात, त्यामुळे हा खड्डा पडत नाही. मेडली वाजवणाऱ्याने केवळ एवढ्यासाठी खर्च केला तरी तो वाया गेला असे म्हणता येणार नाही.

बाकी बऱ्याच गोष्टी मंडपात मातीमोल होतात. साऊंडवाला बहुधा एकच लाईन घेतो आणि सगळा संच मोनोवर, म्हणजे सर्व स्पीकरना एकच आवाज देऊन, चालतो. दोन्ही कानांत फिरणारा स्टिरिओ डिले तिथे अर्धाच पोचतो. घरी हळू आवाजात बनवलेला पॅच मोठ्या आवाजात खर्जाने भरलेला आणि वर कर्कश लागतो, कारण आवाजाची पातळी वाढली की कानाला खर्ज आणि तार अधिक जाणवतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच दाखवून दिले होते. म्हणून पॅच मोठ्या आवाजात, शक्यतो त्याच प्रकारच्या स्पीकरवर बसवावा. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात जुने पॅच तसेच नेताही येत नाहीत, सगळे नव्याने बांधावे लागतात. कॅबिनेटच्या (स्पीकरच्या पेटीच्या) नकलेचे भान मात्र दोन्ही श्रेणींत लागते. मिक्सरला जोडताना ती बंद राहिली तर आवाज पत्र्यावर घासल्यासारखा येतो. उलट गिटारच्या ॲम्पमध्ये जोडताना ती चालू राहिली तर गदळ होतो.

मंडपातला खरा वैरी म्हणजे विजेची गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ती ५० आणि १०० हर्ट्झवर घुमते. त्यात गिटारला सिंगल कॉईल पिकअप (एकाच वेटोळ्याचा, गुणगुण सहज पकडणारा) आणि मिक्सरपर्यंत लांबच लांब साधी केबल असेल तर विचारायलाच नको. अनेक वरच्या यंत्रांना संतुलित एक्सएलआर आउटपुट (माईकच्या केबलसारखे, वाटेतली गुणगुण कापणारे) आणि ग्राउंड लिफ्टचे (सिग्नलच्या केबलची जमिनीची जोडणी तोडणारे) बटण असते, पण महाग म्हणजे ते असेलच असे नाही, बघून घ्यावे. नसेल तर साधा डीआय बॉक्स (गिटारची लाईन संतुलित करून मिक्सरला देणारी छोटी पेटी) तेच काम फार कमी पैशांत करतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची खोड काहींना असते. पावसाळ्यात ओल्या मंडपात ती जिवावर बेतू शकते.

नवे यंत्र आले तरी जुने बॅगेत राहू द्यावे, असे मुरलेले वादक सांगतात. सेकंडहँड घेताना पायाचे प्रत्येक बटण वीसेक वेळा दाबून पाहावे, कारण बेळगावच्या पावसाळी दमटपणात त्यांचे संपर्क आधी खराब होतात. ॲडॅप्टर मूळचाच मागावा. गिटारची छोटी यंत्रे बहुतेक ९ व्होल्टची आणि आतल्या पिनला ऋण असलेली असतात, तर स्टेजवर शेजारी पडलेला कीबोर्डचा ॲडॅप्टर कित्येकदा १२ व्होल्टचा आणि आत धन असतो. घाईत तो लागला तर यंत्र जळू शकते.