‘धन्य’ आणि ‘संत’ यांच्या मधली पायरी

इंदूरच्या मराठी घरांत संतपदाचा दाखला कोणी मागत नाही. ज्ञानोबा-तुकोबांना लोकांनीच संत म्हटलं, अहिल्याबाई लोकांच्या तोंडी ‘देवी’ झाल्या. विद्यापीठाच्या पाटीवर तो शब्द पुष्कळ नंतर लागला. म्हणूनच ४ नोव्हेंबर २०१७ला इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केलं, तेव्हा ‘त्या संत झाल्या’ असं म्हणणं सहज जिभेवर येतं. कॅथॉलिक चर्चच्या लेखी मात्र त्या अजून संत नाहीत.

मूळच्या केरळच्या या सिस्टर देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात गरिबांना सावकारी पाशातून सोडवायला झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. चर्चने त्यांना हुतात्मा मानलं, आणि हुतात्म्याला धन्य ठरवायला चमत्काराचा पुरावा लागत नाही. पुढे संतपदासाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. धन्य व्यक्तीची उपासना ठरावीक प्रदेशापुरती किंवा संघापुरती; संताची जगभर. संतांच्या अधिकृत यादीला ‘कॅनन’ म्हणतात, संतपदाच्या घोषणेचं ‘कॅननायझेशन’ हे नाव त्यावरूनच पडलं.

सुरुवातीला चर्चचीही रीत आपल्यासारखीच होती. लोक हुतात्म्याच्या थडग्यापाशी जमत, पुण्यतिथी पाळत, स्थानिक बिशप संमती देई. पोपने केलेल्या घोषणेचं सर्वांत जुनं नोंदलेलं उदाहरण ९९३ सालचं, आउग्सबुर्गच्या उलरिखचं. १२३४पासून हा अधिकार रोमने स्वतःकडेच ठेवला. १५८८मध्ये त्यासाठी वेगळं खातं आलं. मग तपास, साक्षी, कागदपत्रं, आणि उमेदवाराविरुद्ध बाजू मांडायला नेमलेला ‘सैतानाचा वकील’! ज्यांना हयातीत देवळाच्या पायरीवर रोखलं, त्या चोखोबांपुढे असा वकील उभा राहिला असता तर त्याने काय काय काढलं असतं, कोण जाणे. १९८३मध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी प्रक्रिया सुटसुटीत केली आणि या वकिलाची ती जुनी भूमिका संपली.

वसईच्या गोन्सालो गार्सियांना १५९७मध्ये नागासाकीत क्रुसावर मारलं गेलं. १६२७मध्ये ते धन्य झाले आणि संत थेट १८६२मध्ये. मदर तेरेसांना हेच अंतर कापायला तेरा वर्षं लागली, २००३ ते २०१६. राणी मारियांच्या बाबतीत ते किती असेल, याला कोणतीही मुदत बांधलेली नाही.