युरोपात पासपोर्ट कुठे ठेवायचा?

सस्नेह नमस्कार.

दांडिया बाजारातल्या आमच्या ऑफिसात येणारे निम्मे प्रवासी एकच प्रश्न विचारतात : “शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, एकदा शिरलं की पुढे कुणी पासपोर्ट बघत नाही ना?” बहुतेक वेळा नाही बघत. पण बघायचं ठरवलं, तर तो त्याच मिनिटाला हातात असावा लागतो.

मागच्या सहलीतलीच गोष्ट. बस साल्झबुर्गहून म्युनिकला निघालेली. जर्मनीच्या हद्दीत शिरताच तिला बाजूला घेतलं आणि दोन पोलीस वर चढले. आपल्या एका काकांचा पासपोर्ट मोठ्या बॅगेत, बॅग बसच्या पोटात, आणि तिच्यावर सगळ्यांचं सामान. ड्रायव्हरने भर पावसात एकेक बॅग खाली काढली. पासपोर्ट सापडला तो खाकऱ्याच्या डब्याखाली. पोलीस हसून उतरले. काकू मात्र म्युनिक येईपर्यंत काकांशी बोलल्या नाहीत.

शेंगेनच्या 29 देशांनी आपसातल्या सीमांवरची नेहमीची तपासणी बंद केली आहे, पण सुरक्षेला धोका वाटला तर ती काही काळ परत सुरू करायची सोय नियमांतच आहे. हा ‘काही काळ’ फार मनावर घेऊ नका. फ्रान्सने नोव्हेंबर 2015 मध्ये सुरू केलेल्या तपासणीची मुदत वर्षानुवर्षं वाढतच गेली. जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून जमिनीवरच्या सगळ्याच सीमांवर तपासणी लावली. सगळ्यांना थांबवत नाहीत. कुणाला थांबवतील ते सांगता येत नाही, एवढंच. स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी वेगळी : शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या कस्टम्स युनियनमध्ये (सामाईक जकात-व्यवस्थेत) नाही. त्यामुळे तिथे सामानही उघडायला सांगू शकतात.

तेव्हा पासपोर्ट गळ्यातल्या किंवा कमरेच्या पाऊचमध्येच. मोबाईलमधला फोटो चालत नाही. झेरॉक्स जरूर ठेवा, पण ती पासपोर्ट हरवला तर कामाची.

अशा तपासणीने सिंगल एन्ट्री व्हिसा (एकदाच प्रवेश देणारा) ‘वापरला’ जात नाही, ती भीती सोडा. खरी गोची लंडनची. पॅरिसहून दोन दिवस लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात. सिंगल एन्ट्रीवर परत पॅरिसला येता येणार नाही. असा बेत असेल तर फॉर्म भरण्याआधी सांगा, नंतर आमच्याही हातात काही उरत नाही.

पशुपतिनाथाला जाणाऱ्यांसाठी : नेपाळला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. नुसतं आधार कार्ड चालत नाही. 65 वर्षांवरच्या आणि 15 वर्षांखालच्या प्रवाशांना यात सवलत आहे. वय आणि ओळख पटवणारं फोटोचं दुसरं कार्ड त्यांना चालतं.

व्हिसा लागलेला पासपोर्ट न्यायला याल तेव्हा पाऊच कमरेला बांधूनच या. त्यात पासपोर्ट बसतो का, ते इथेच बघू.