प्रोबेट मुंबईलाच का लागायचं? 1870 ची हद्द आणि 2025 ची दुरुस्ती

एखाद्या हिंदू माणसाने पुण्यातलं घर मृत्युपत्राने मुलीला दिलं, तर तिला प्रोबेटची सक्ती नव्हती. तेच घर दादरला असेल, तर मात्र प्रोबेट घेतल्याशिवाय मृत्युपत्राच्या आधारे कुठल्याही कोर्टात हक्क सांगता येत नसे. देश एक, कायदा एक, मृत्युपत्राचा नमुनाही एकच. हा फरक डिसेंबर 2025 पर्यंत टिकला आणि त्याचं मूळ 1870 सालच्या एका हद्दीत आहे.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावर कोर्टाने मारलेली मोहोर. ही पद्धत इंग्रजांबरोबर आली. इंग्लंडमध्ये 1857 पर्यंत मृत्युपत्रं धर्मपीठांच्या न्यायालयांत सिद्ध होत. त्याच धर्तीवर मुंबईच्या सुप्रीम कोर्टाला 1823 च्या सनदेने अधिकार मिळाले आणि 1862 मध्ये ते नव्या हायकोर्टाकडे आले. 1865 चा भारतीय उत्तराधिकार कायदा मुख्यतः युरोपीय वगैरेंसाठी होता. हिंदू आणि मुसलमान त्याच्या बाहेर होते. मुंबई इलाख्याच्या मुलखात त्याआधीपासून 1827 चं आठवं रेग्युलेशन चालत होतं. महाराष्ट्रात दिवाणी कोर्टातून वारस दाखला आजही त्याच्याच आधारे मिळतो.

मग आला 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट. 1 सप्टेंबर 1870 पासून केलेल्या मृत्युपत्रांना तो लागू झाला, पण फक्त बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखात आणि मुंबई व मद्रास हायकोर्टांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात, म्हणजे जिथले दावे थेट हायकोर्टात दाखल होतात त्या हद्दीत. मृत्युपत्र बाहेर केलं असलं, तरी स्थावर या हद्दीत असेल तर तेही त्यात आलं. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने जुने कायदे एकत्र केले, हद्द मात्र जशीच्या तशी उचलली. कलम 57 मध्ये ती लिहिलेली आहे आणि कलम 213 ने तिच्यावर सक्ती बसवली. पुढे 1945 च्या कायद्याने मुंबई हायकोर्टाची हद्द बृहन्मुंबईपर्यंत वाढली आणि सक्तीही तिच्यामागोमाग उपनगरांत गेली. म्हणून मुलुंडच्या फ्लॅटला प्रोबेट लागायचं, ठाण्याच्या फ्लॅटला नाही. 1962 मध्ये पारशी या सक्तीत आले, 2002 मध्ये भारतीय ख्रिश्चन सुटले, मुसलमान आधीपासूनच बाहेर होते. 2001 मध्ये क्लॅरेन्स पैस खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही विषमता ऐतिहासिक कारणांमुळे आलेली आहे, असं म्हणून कलम कायम ठेवलं. कारण ऐतिहासिक होतं हे खरंच. पण त्याची किंमत आजचे वारस मोजत होते.

त्यातला ठरलेला भाग कोर्ट फीचा. महाराष्ट्रात ती मिळकतीच्या किमतीवर टप्प्याटप्प्याने चढते आणि कमाल 75,000 रुपयांवर थांबते. मुंबईतला साधा फ्लॅटही ही मर्यादा सहज गाठतो. कर्ज आणि अंत्यसंस्काराचा खर्च वजा करून उरलेल्या किमतीवर फी लागते, त्यामुळे गृहकर्जाची शिल्लक दाखवायची विसरू नये. ही फी म्हणजे वारसा कर नव्हे. तसा कर, म्हणजे एस्टेट ड्युटी, 1953 ला आला आणि 1985 ला गेला. वकिलाची फी, मूल्यांकनाचा अहवाल, वर्तमानपत्रातली नोटीस आणि प्रमाणित नकला हे खर्च कोर्ट फीच्या वर येतात आणि भांडण झालं तर त्यांना कमाल मर्यादा नसते.

अर्ज कलम 276 प्रमाणे होतो: मृत्यूची तारीख, सोबतचं मृत्युपत्र शेवटचं आणि रीतसर केलेलं आहे हे कथन, हाती येणाऱ्या मालमत्तेची किंमत आणि अर्जदार हाच मृत्युपत्रात नेमलेला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) आहे ही बाब. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं. एक्झिक्युटर नेमलेलाच नसेल किंवा त्याने नकार दिला, तर प्रोबेट मिळत नाही. मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागावी लागतात. मृत्यूनंतर पूर्ण 7 दिवस जाईपर्यंत प्रोबेट देता येत नाही, लेटर्सना 14 दिवस. मुंबई हायकोर्टात मृत्यूनंतर 3 वर्षांनी अर्ज केला, तर उशिराचं कारण लिहावं लागतं.

वारसांच्या संमतीची प्रतिज्ञापत्रं आधीच गोळा केली, तर काम बरंच हलकं होतं. ज्यांची संमती नाही त्यांना सायटेशन, म्हणजे कोर्टाची नोटीस जाते. त्यांच्यापैकी कुणी कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका अशी नोंद) दाखल करून प्रतिज्ञापत्राने हरकत घेतली, की कलम 295 खाली अर्जाचा दावा होतो: मुद्दे, साक्षी, उलटतपासणी. काही महिन्यांचं काम तिथून वर्षांवर जातं.

खरं अडतं ते साक्षीदारापाशी. कलम 63 प्रमाणे मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि अर्जासोबत शक्य असेल तर त्यांपैकी एकाचं पडताळणीचं विधान हवं. लोक साक्षीला समवयस्क मित्राला बसवतात. मृत्युपत्र उघडेपर्यंत तोही गेलेला असतो. मग साक्षीदाराचं आणि मृत्युपत्र करणाऱ्याचं हस्ताक्षर ओळखणारं माणूस शोधा, बँकेतली जुनी सही मिळवा, अशी धावपळ सुरू होते. साक्षीदार निदान वीस वर्षांनी लहान असावेत आणि पूर्ण पत्त्यानिशी असावेत. एच. वेंकटाचल अय्यंगार खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवून दिलं की संशयास्पद परिस्थिती असेल तर शंका दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर आहे. थरथरती सही, जवळच्या वारसाला कारण न देता वगळणं, लाभ घेणाऱ्यानेच मसुद्यात पुढाकार घेणं, या नेहमीच्या शंका.

प्रोबेट मिळूनही मालकीचा वाद सुटतो असं नाही. मृत्युपत्र खरं आहे एवढंच कोर्ट सांगतं. मृताला ते घर देण्याचा हक्क होता का, हा प्रश्न वेगळ्या दाव्याचा. नॉमिनेशनचंही तसंच. कंपन्यांच्या शेअर्सबाबत 2023 च्या शक्ती येझदानी निकालाने पुन्हा स्पष्ट केलं की नॉमिनीला नामांकनाने मालकी मिळत नाही, ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्यानेच ठरते.

डिसेंबर 2025 च्या निरसन आणि दुरुस्ती कायद्याने कलम 213 वगळलं. दीडशे वर्षांची ही हद्द पुसली गेली, ते योग्यच झालं. सक्ती गेली, सोय मात्र उरली आहे: हवं त्याने आजही प्रोबेट घ्यावं. भावंडांत तेढ असेल, साक्षीदार म्हातारे असतील किंवा परदेशातल्या बँकेत पैसे असतील, तर ते घेणंच शहाणपणाचं, कारण मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल प्रोबेट सर्वांवर बंधनकारक असतं. ते घेतल्यावर मालमत्तेची यादी 6 महिन्यांत आणि हिशेब वर्षभरात कोर्टात द्यायचा असतो. कलम 317 ची ही अट अनेक एक्झिक्युटर विसरतात आणि पुढे प्रोबेट रद्द करायला निघालेल्या नातेवाइकाच्या हाती आयतं कारण पडतं.