नवोदय: सहावी हुकली म्हणजे सगळं संपलं?

‘सहावीला नवोदय हुकलं की कायमचं हुकलं,’ हे गावोगावी इतक्या वर्षांपासून सांगितलं जातं की पालक पुढे चौकशीच करत नाहीत. ते खरं नाही. जवाहर नवोदय विद्यालयात, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, नववी आणि अकरावीतही प्रवेश मिळतो, रिकाम्या जागांवर. सहावीत एका शाळेत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातली काही मध्येच शाळा सोडतात आणि तेवढ्या जागा निघतात.

नववीसाठी मूल त्याच जिल्ह्यात राहणारं आणि तिथल्याच मान्यताप्राप्त शाळेत आठवीला असावं लागतं. अर्ज ऑनलाइन असतो, फी लागत नाही. प्रवेश परीक्षेचा पेपर अडीच तासांचा, १०० गुणांचा: गणित ३५, विज्ञान ३५, इंग्रजी १५, हिंदी १५. इथे आपली मुलं अडखळतात ती भाषेमुळे. सहावीची परीक्षा मराठीतून देता येते. नववीचा पेपर मात्र इंग्रजी-हिंदीत असतो. ‘लघुत्तम साधारण विभाज्य’ घोकलेल्या मुलीसमोर ‘एलसीएम’ आलं, तर येणारं गणितही राहून जातं. म्हणून आठवीच्या सुरुवातीपासूनच गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द तिच्या कानावर पडू द्या.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: ‘ओळख असली की सातवी-आठवीतही घेतात.’ या परीक्षेतून त्या वर्गांत प्रवेश होतच नाही. असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका. जन्मतारखेची अट दरवर्षी बदलते, ती त्या वर्षीच्या सूचनेतच वाचा.