नोटबंदी अध्यादेशाने झाली नव्हती

१९ मे २०२३, शुक्रवार. एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. दिल्लीतल्या अधिकाऱ्यांच्या बदल्या-नेमणुका कोणाच्या हाती राहाव्यात यावर केंद्राने अध्यादेश काढला, ही एक. दोन हजाराच्या नोटा रिझर्व्ह बँक परत घेणार, ही दुसरी. टीव्हीच्या पट्टीवर दोन्ही मागोमाग धावत होत्या. त्यामुळे असेल, पण पुढच्या आठवड्यात नागपूरच्या संविधान चौकात, रिझर्व्ह बँकेसमोरच्या गर्दीत "दोन हजाराचा अध्यादेश आला न भाऊ" हे वाक्य सर्रास कानावर पडत होतं.

आला नव्हता. नोटांच्या बाबतीत त्या दिवशी अध्यादेश तर सोडाच, साधी अधिसूचनाही नव्हती. होतं ते रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक. दोन हजाराची नोट कायदेशीर चलन म्हणून कायम राहिली.

सरकारकडून कोणताही कागद निघाला की त्याला अध्यादेश म्हणून टाकायचं, ही आपली जुनी खोड. वटहुकूम म्हणा की अध्यादेश, गोष्ट एकच आहे. अधिसूचना मात्र त्याहून सर्वस्वी वेगळी. दोन्ही कार्यकारी मंडळच काढतं, दोन्ही राजपत्रात छापून येतात, दोन्ही रातोरात लागू होऊ शकतात, म्हणून घोटाळा होतो. वेगळेपण आहे ते अधिकार कुठून आला यात.

अध्यादेशाचा अधिकार थेट संविधानातून येतो. केंद्रासाठी अनुच्छेद १२३, राज्यासाठी २१३. संसदेची दोन्ही सभागृहं एकाच वेळी अधिवेशनात असतील तर अध्यादेश काढता येत नाही. एक जरी सभागृह बसलेलं नसेल तर येतो. निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा, सही राष्ट्रपतींची. राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, पण मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला तर सही करावी लागते. सही झाली की त्या कागदाला संसदेने केलेल्या कायद्याइतकंच बळ येतं. नवा गुन्हा ठरवता येतो, शिक्षा ठरवता येते, जुना कायदा बदलता येतो.

अधिसूचनेचा अधिकार उसना आहे. संसदेने आधीच केलेल्या एखाद्या कायद्यात कुठेतरी लिहिलेलं असतं की अमुक गोष्ट केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे ठरवेल. त्या एका वाक्यात जेवढं बसतं तेवढंच अधिसूचनेला करता येतं. राष्ट्रपतींची सही लागत नाही, मंत्रालयातला सहसचिव सही करतो. अधिवेशन चालू आहे की नाही, याच्याशीही तिला देणंघेणं नाही.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर भारताचं राजपत्र उघडावं. अध्यादेश भाग २, खंड १ मध्ये सापडतो, म्हणजे जिथे संसदेचे कायदे छापतात त्याच शेजारी. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की प्रजासत्ताकाच्या अमुकाव्या वर्षी राष्ट्रपतींनी तो प्रख्यापित केला, आणि मग ती ठरलेली कबुली: संसदेचं अधिवेशन चालू नाही आणि तातडीने कारवाई करणं भाग पडावं अशी परिस्थिती आहे, याबद्दल राष्ट्रपतींचं समाधान झालं आहे. केंद्राच्या अधिसूचना भाग २, खंड ३ मध्ये. तिथे ना प्रजासत्ताकाचं वर्ष ना तातडीची भाषा. "अमुक अधिनियमाच्या कलम तमुकने दिलेल्या अधिकारांचा वापर करून" अशी सुरुवात आणि पुढे थेट मुद्दा. पहिली ओळ वाचली की पुढे वाचायच्या आत कागदाची जात कळते.

आता नोटबंदी. या दोन कागदांतला फरक समजायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही, कारण तेच काम आपल्या सरकारांनी दोन्ही मार्गांनी करून दाखवलं आहे.

मोरारजी देसाई पंतप्रधान असताना १६ जानेवारी १९७८ रोजी हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या अध्यादेशाने. पुढे संसदेने त्याचा रीतसर कायदा केला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या अधिसूचनेने. आधार होता रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ चं कलम २६(२). रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने शिफारस केली तर केंद्र सरकार एखाद्या मूल्याच्या नोटांची कोणतीही मालिका चलनातून बाद ठरवू शकतं, असं हे कलम सांगतं. संसदेचं हिवाळी अधिवेशन सुरू व्हायला तेव्हा आठवडाभर अवकाश होता. म्हणजे अध्यादेशाचा रस्ता मोकळा होता, तो घेतला नाही.

पण गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ३० डिसेंबरला, अधिवेशन संपल्यावर, सरकारला अध्यादेश काढावाच लागला. का? कारण अधिसूचनेने नोट बाजारात चालेनाशी केली होती, एवढंच. नोटेवर गव्हर्नरने दिलेलं वचन, म्हणजे रिझर्व्ह बँकेची देणेदारी, ती तशीच उभी होती. ती मिटवायची आणि जुन्या नोटा दहापेक्षा जास्त जवळ बाळगणं दंडनीय करायचं (दहा हजार रुपये किंवा बाळगलेल्या रकमेच्या पाचपट, यातलं जे जास्त तो दंड), हे कलम २६(२) च्या कुवतीत बसत नव्हतं. त्याला कायद्याचंच बळ हवं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या अध्यादेशाची जागा कायद्याने घेतली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ जानेवारी २०२३ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला. चौघांनी अधिसूचना वैध ठरवली. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचं मत वेगळं पडलं: पुढाकार रिझर्व्ह बँकेचा नसून केंद्राचा असेल, तर इतकं मोठं पाऊल अधिसूचनेने टाकता येत नाही, संसदेचा कायदा हवा, आणि गुप्तता हवी असेल तर अध्यादेश. निकाल बहुमताचाच चालतो, ते ठीक. पण नुसता रस्ता कोणता निवडला यावर घटनापीठात मतभेद व्हावा, यावरून हा वाद नुसत्या कागदी तांत्रिकतेचा नाही हे दिसतं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर लोक ज्याला घाबरतात तो अध्यादेश त्यातल्या त्यात बरा. त्याच्या कपाळावर मरणाची तारीख लिहिलेली असते. संसद पुन्हा भरली की तो दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो, आणि भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. दोन्ही सभागृहांनी ठरवलं तर त्याआधीही संपवता येतो. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर ठेवता येत नाही, म्हणजे ताणून ताणून साडेसात महिने. नागपूरकरांना हे नव्याने सांगायला नको. डिसेंबरात विधानभवनात हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा मधल्या काळात राज्यपालांनी काढलेले अध्यादेश सुरुवातीलाच पटलावर येतात, आणि पायऱ्यांवरच्या घोषणांना विषय मिळतो.

१९६९ चं बँक राष्ट्रीयीकरण घ्या. १९ जुलैला अध्यादेश निघाला, त्यावर सही हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी पद सोडलं आणि सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. हे आपल्या नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. ९ ऑगस्टला त्यांच्याच सहीने त्या अध्यादेशाचा कायदा झाला. पुढे फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उडवला आणि सरकारने चार दिवसांत नवा अध्यादेश आणला, ती कथा वेगळी. मुद्दा एवढाच की चौदा बँका ताब्यात घेणाऱ्या कागदालाही तीन आठवड्यांत सभागृहातून पार व्हावं लागलं.

सरकारं यातूनही पळवाट काढतात, हे खरं. मुदत संपत आली की तोच अध्यादेश पुन्हा काढायचा. तिहेरी तलाकचा अध्यादेश सप्टेंबर २०१८ ते फेब्रुवारी २०१९ या काळात तीनदा निघाला. पण बिहारने जे केलं त्यापुढे हे काहीच नाही. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, कुठला वर्षभर तर कुठला चौदा वर्षांपर्यंत. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांनी ही सगळी नोंद खणून काढली आणि स्वतः न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराला संविधानाशी केलेली लबाडी म्हटलं, आणि २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ही भूमिका आणखी कडक केली.

अधिसूचनेला असं मरण नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाची अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेली, तिच्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, त्याही अधिसूचनेनेच. कोराडीच्या नव्या वीज संचांची जनसुनावणी असो की वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, एखाद्या कोळसा खाणीची, सगळं त्या एका कागदाच्या आधाराने चालतं. कोणत्या प्रकल्पाला सुनावणी लागते आणि कोणाला सूट, हे संसदेने नाही, मंत्रालयाने ठरवलेलं आहे. मूळ कायद्यात तरतूद असेल तर अशी अधिसूचना संसदेच्या पटलावर ठेवली जाते खरी, पण तिथे ती इतर शेकडो कागदांच्या गठ्ठ्यात जाते. तिच्यावर चर्चा झाली तर ते नवल. अध्यादेशावरून सभात्याग होतो, अधिसूचनेवरून सहसा कोणी उठूनही उभं राहत नाही.

आणखी एक जागा, जिथे महाराष्ट्रात हमखास गल्लत होते. जानेवारी २०२४ मध्ये मनोज जरांगे यांच्या आंदोलनाच्या वेळी वाशीत सरकारने जो 'सगेसोयरे'चा कागद दिला, त्याला बातम्यांत आणि गावोगावच्या फलकांवर अध्यादेश म्हटलं गेलं. तो होता अधिसूचनेचा मसुदा. जात प्रमाणपत्राच्या नियमांत बदल सुचवणारा, आणि १६ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवणारा. कोणत्याही बाजूने असा, पण ही ओळ वाचायलाच हवी होती. अध्यादेश कधी हरकती मागवत नाही. तो निघाला की लागू. आणि मसुदा म्हणजे तर अजून अधिसूचनाही नाही.

जीआर, म्हणजे शासन निर्णय, याहून खालच्या पायरीवर. बहुतेक वेळा त्याला कुठल्या कायद्याच्या कलमाचा टेकू नसतो, सरकारच्या सर्वसाधारण कार्यकारी अधिकारात तो निघतो, आणि कायद्याशी विसंगत असेल तर टिकत नाही.

कोर्टाची पायरी चढायची वेळ आली की हा फरक खिशाला आणि निकालाला दोन्हीकडे लागतो. अधिसूचना असेल तर सिव्हिल लाइन्समधला वकील आधी विचारेल, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली? त्या कलमाच्या बाहेर तिने पाय टाकला असेल तर उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ ती रद्द करू शकतं, आणि अशा याचिका तिथे नेहमीच्याच. अध्यादेशाच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तो स्वतःच कायदा असतो. तिथे एक तर तो संविधानाच्या कोणत्या अनुच्छेदाला छेद देतो ते दाखवावं लागतं, किंवा विषयच त्या सरकारच्या अखत्यारीतला नव्हता हे, नाहीतर राष्ट्रपतींच्या समाधानाला आधारच नव्हता हे. हे शेवटचं सिद्ध करणं फार अवघड.