१४२८५७ (संख्या)

१४२८५७ म्हणजे एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. १/७ दशांशात लिहिला की हेच सहा अंक याच क्रमाने अखंड येत राहतात. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढताना २२/७ चा भागाकार पूर्ण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही संख्या भेटते, कारण २२/७ = ३.१४२८५७१४२८५७…

तिला २ ने गुणले की २८५७१४ येतात, ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, क्रमही तोच, फक्त सुरुवात बदलते. ७ ने गुणल्यावर मात्र ९९९९९९. अशा संख्येला चक्रीय संख्या म्हणतात. ही जादू म्हणून सांगितली जाते. पण खरी गंमत बाकीत आहे, आणि ती कागदावर भागाकार मांडूनच पाहावी. १० ला ७ ने भागले की भाग १, बाकी ३. पुढे ३० ला भाग ४, बाकी २; २० ला भाग २, बाकी ६; ६० ला भाग ८, बाकी ४; ४० ला भाग ५, बाकी ५; ५० ला भाग ७, बाकी १. पुन्हा १ आला, म्हणजे चक्र पुरे झाले. १ ते ६ या सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गेल्या. म्हणून २/७, ३/७ हे त्याच चक्रात वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात.

१७, १९, २३ या मूळ संख्याही अशाच वागतात, मात्र त्यांची चक्रे शून्याने सुरू होतात. अशा मूळ संख्या अनंत आहेत, हे गणितज्ञ एमिल आर्टिन यांच्या १९२७ मधील अटकळीतून निघते. ती अजून सिद्ध झालेली नाही.

त्याच १९२७ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील विद्यार्थी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पुढे देवळालीत शिक्षकी करत त्यांनी संख्यांचा जो अभ्यास केला, त्यात १४२८५७ दोनदा बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून बेरीज केली की पुन्हा १४२८५७. म्हणजे ती ‘कापरेकर संख्या’ आहे. हाही योगायोग नाही: आधीची संख्या १४२८५६ ही ७ × २०४०८ आहे, त्यामुळे १४२८५७ × १४२८५६ हा गुणाकार थेट ९९९९९९ × २०४०८ होतो. ९९९९९९ म्हणजे १०००००० वजा १, म्हणून हा गुणाकार २०४०८०००००० वजा २०४०८ इतका. त्यात १४२८५७ मिळवले की वर्ग तयार, आणि त्याचे दोन्ही भाग आपोआप दिसतात: आधी २०४०८, मग १४२८५७ − २०४०८ = १२२४४९.

अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१, म्हणून ती कापरेकरांनीच नाव दिलेली ‘हर्षद संख्या’ही ठरते. मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२. त्यांतला २९७ हा स्वतःही कापरेकर संख्या आहे: त्याचा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७.